मानसोपचार वॉर्डात सिस्टरचं बोलणं उपचार म्हणून का धरत नाहीत?

रातपाळी_सिस्टर

नमस्कार मंडळी. सोलापुरात मानसोपचार वॉर्डात स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली. इथं नर्सिंगमधली माणसं, शिकणारी पोरंपोरी आणि पेशंटचे नातेवाईकही वाचत असतात, म्हणून धागा काढतेय.

केसपेपरवर रात्री नऊच्या गोळीपुढं सही असते. इंजेक्शन किती वाजता दिलं, कुणाच्या ऑर्डरवरून दिलं, तेही असतं. पण गोळी दिल्यावर सिस्टर एका बाईच्या खाटेशी थोडा वेळ बसली, तिला कशाची धास्ती वाटतेय ते ऐकून घेतलं, बाईला झोप लागली आणि जादाचं इंजेक्शन द्यावंच लागलं नाही, हे कुठंच येत नाही. नोट्समध्ये एकच ओळ: 'रुग्ण शांत, झोप चांगली.' सकाळी ड्युटीवर आलेल्या सिस्टरला त्यातून काय कळणार? ती बाई कशानं घाबरते आणि कशानं निवते, ही माहिती रातपाळीच्या सिस्टरबरोबर घरी निघून जाते.

माझं म्हणणं असं की ऐकणं आणि बोलणं ही आपल्या कामातली प्रोसिजर आहे. ड्रेसिंग केल्यावर जखम कशी दिसली ते आपण लिहितो ना, तसं हेही लिहिलं पाहिजे, हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला, सांगितलं पाहिजे आणि शिकवलंही पाहिजे.

हा विचार जुना आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सनं 1952 मध्येच मांडलं की नर्स आणि रुग्ण यांचं नातं हेच नर्सिंगचं मुख्य साधन आहे आणि त्या नात्याला टप्पे असतात. आधी ओळख, मग विश्वास, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी निरोप. आपल्याकडं सगळ्यात जास्त हेळसांड होते ती निरोपाची. डिस्चार्जचा कागद हातात पडला की नातेवाईकांना अक्कलकोटची नाहीतर मंगळवेढ्याची एसटी गाठायची असते आणि पेशंट पिशवी उचलून चालू लागतो. खरं तर घरी जाण्याच्या दोन दिवस आधीपासून बोलायला हवं: घरी गेल्यावर पहिला दिवस कसा जाईल, गोळ्या कुणाजवळ असतील, परत झोप उडाली तर कुणाला सांगाल. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक असतात.

आता एक उदाहरण देते. कुणा एकाचं नाही, असे बरेच जण येतात. यंत्रमागावर काम करणारा माणूस. म्हणतो, मागाच्या खडखडाटात शेजारी माझं नाव घेऊन शिव्या देतात. आता माग नाही, वॉर्ड आहे, तरी आवाज येतोच. घरच्यांचं उत्तर ठरलेलं: 'तसलं काय नाही, डोक्यातनं काढून टाक.' त्यानं काय होतं, तर माणूस सांगायचंच बंद करतो. आणि 'हो, शेजारी वाईटच आहेत' म्हटलं तर भ्रमाला आपणच खतपाणी घातलं. मग म्हणायचं काय? 'मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि तुम्ही लई घाबरलाय, हे मला दिसतंय.' एवढं म्हणून थांबायचं. मग हळूहळू विचारायचं: आवाज काय म्हणतो? काही करायला सांगतो का? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर असं सांगत असेल तर ते त्याच वेळी डॉक्टरांना कळवायचं, सकाळच्या राउंडपर्यंत ठेवायचं नाही. तसं काही नसेल तर पुढचा प्रश्न: आवाज कधी वाढतो आणि कधी कमी होतो? बऱ्याच जणांना रात्री सामसूम झाली की जास्त ऐकू येतात आणि कुणाशी बोलताना, काही गुणगुणताना कमी होतात. हे ज्याचं त्याला सापडलं की त्याच्या हाताला काहीतरी लागतं. गोळ्या चालूच राहतात, पण गोळीचा असर व्हायला आठवडे लागतात आणि तोवरच्या रात्री काढायच्या असतात.

आणखी एक, खास आपल्या गावाचं. वॉर्डात एका ओळीत चार खाटा असतील तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषा निघतात. पेशंट मराठी व्यवहारापुरती बोलतो, पण रडतो स्वतःच्या भाषेत. आपण पटकन नातेवाईकाला दुभाषा करतो. सून पेशंट आणि दुभाषी सासू असली तर सासूच्या तोंडून सुनेचं दुःख बाहेर येणार नाही. भाषा येणारी सिस्टर किंवा मावशी बोलवायची, तिला आधी बजावायचं की ऐकलेलं वॉर्डाबाहेर जाता कामा नये, आणि बोलताना तोंड पेशंटकडं ठेवायचं, दुभाष्याकडं नाही. पेशंटचे शब्द नोट्समध्ये त्याच्याच भाषेत, देवनागरीत जसेच्या तसे लिहायचे. 'भीती व्यक्त केली' असं लिहिण्यापेक्षा त्याचा डॉक्टरांना कितीतरी जास्त उपयोग होतो.

तुमचे अनुभव लिहा.

शिकाऊ_पोरगी

ताई, मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे, सध्या सायकियाट्रिक पोस्टिंग चालू आहे. थेरप्युटिक कम्युनिकेशनची, म्हणजे उपचार म्हणून बोलण्याची, तंत्रं परीक्षेसाठी पाठ आहेत: खुले प्रश्न, पुनरुच्चार, शांतता. पण खाटेसमोर उभी राहिले की पेशंट गप्प आणि मी पण गप्प, मग मला घाम फुटतो आणि मी काहीतरी बोलून टाकते.

दुसरं म्हणजे, परवा एक पेशंट ताई मला म्हणाली, 'तुला एक सांगते, पण कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे.' तेवढ्यात मॅडम आल्या म्हणून विषय थांबला. मी काय म्हणायला पाहिजे होतं?

रातपाळी_सिस्टर

शिकाऊ_पोरगी, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जास्त महत्त्वाचं. शपथ कधीच घ्यायची नाही. सांगायचं, 'तुमचं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर आमच्या टीमला सांगावंच लागतं, आणि सांगण्याआधी मी तुम्हाला तसं कळवीन.' तुला वाटेल यानं ती गप्प होईल. बहुतेक जणी गप्प होत नाहीत. उलट इथं कुणीतरी सांभाळणारं आहे म्हणून मोकळ्या होतात. उद्या ड्युटीवर गेलीस की आधी तिच्याकडं जा, नाहीतर आत्ताच वॉर्डाच्या सिस्टरला फोन करून कळव. शपथ घालून सांगायची गोष्ट पुष्कळदा जिवाशीच संबंधित असते.

आणि सरळ विचारायला भिऊ नकोस: 'जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?' विचारल्यानं ते डोक्यात घुसतात हा गैरसमज आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, पेशंटला सुटल्यासारखं वाटतं. आणखी एक ध्यानात ठेव. डिप्रेशनमध्ये औषध लागू पडायला लागलं की आधी अंगात हुशारी येते, मनातली निराशा मागून जाते. पडून राहणारा पेशंट उठून बसला, आवराआवर करू लागला, म्हणून नजर ढिली करायची नाही.

गप्प बसण्याबद्दल: उभी राहू नकोस, बस. स्टूल तिच्या अगदी समोर न ठेवता थोडं तिरकं ठेव, म्हणजे तिला तुझ्याकडं बघावंच लागत नाही. 'मी जरा वेळ इथं बसते, बोललंच पाहिजे असं नाही' म्हण. आणि म्हटलं तेवढा वेळ खरंच बस. उद्या अमुक वाजता येते म्हटलंस तर त्या वेळेला जा. विश्वास या असल्या बारीक गोष्टींनीच बसतो.

होटगीरोड_स्टाफ

सिस्टर, तुमचं सगळं पटतं, पण हे वाचून मला त्रासही होतो. मी जिथं काम केलं तिथं रात्रीला एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि वॉर्ड भरलेला. एक पेशंट दारावर धडका देतोय, एक सलाईन ओढून काढतोय, एकाचे नातेवाईक पास मागतायत. स्टुलावर बसायचं कधी? वरून रजिस्टर, इंडेंट (सामानाची मागणी), ऑनलाइन एंट्री. माणसं न देता 'थेरपी करा' म्हणणं म्हणजे सिस्टरच्या डोक्यावर आणखी एक ओझं. आणि खरं सांगायचं तर जिथं माणसं कमी तिथंच पेशंट बांधले जातात. कुणाला हौस नसते.

रातपाळी_सिस्टर

होटगीरोड_स्टाफ, माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं आणि त्यासाठी भांडायलाच पाहिजे. पण बांधण्याच्या बाबतीत कायदा फार स्पष्ट आहे आणि तो आपल्या पोरींना कुणी नीट सांगत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 97. पेशंटला किंवा इतरांना लगेच इजा होण्याचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरत्याच वेळासाठी बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही. आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून तर नाहीच, हे त्याच कलमात लिहिलंय. कारण, वेळ, किती वेळ बांधलं, सगळं नोट्समध्ये यायला पाहिजे आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवायला पाहिजे. साखळीला तर कलम 95 नं पूर्ण बंदी आहे. म्हणजे माणसं मागायला हे कलमच आपल्या हातात आहे. 'स्टाफ नाही म्हणून बांधलं' असं कुणी तोंडी सांगत असेल तर ते लेखी मागा.

आता वेळेबद्दल. इंग्लंडमध्ये लेन बाउअर्स या नर्सिंगच्या प्राध्यापकांनी सेफवॉर्ड्स नावाची पद्धत बसवली. 31 वॉर्डांवर चाचणी झाली, 2015 मध्ये निष्कर्ष आले. वॉर्डातले संघर्षाचे प्रसंग 15 टक्क्यांनी कमी झाले आणि बांधणं, कोंडणं, बळजबरीची इंजेक्शनं हे सगळं मिळून 26 टक्क्यांच्या आसपास घटलं. त्यात महागडं असं काही नव्हतं. नकार देताना शब्द कसे वापरायचे, घरून वाईट बातमी येणार असेल तर आधीच पेशंटजवळ कोण थांबणार, हँडओव्हर देताना प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची, आणि वॉर्डात आरडाओरडा झाला की नंतर बाकीच्या पेशंटांजवळ जाऊन त्यांना धीर द्यायचा. शेवटची गोष्ट आपण नेहमी विसरतो. धिंगाणा करणारा इंजेक्शन घेऊन झोपतो आणि बाकीचा वॉर्ड रात्रभर टक्क जागा.

दारावर धडका देणाऱ्याचंच बघा. चौघं चारी बाजूंनी 'शांत बस, शांत बस' ओरडतात. एकानंच बोलायचं. हाताच्या अंतरापेक्षा लांब, जरा बाजूला, आपल्यामागं दार मोकळं. आवाज त्याच्यापेक्षा खाली. नाव घेऊन विचारायचं, 'काय पाहिजे?' बऱ्याचदा उत्तर साधं असतं: घरी फोन करायचाय, विडी पाहिजे, बायको येते म्हणाली होती ती आली नाही. फोन आत्ता देता येत नसेल तर 'नाही' म्हणून न थांबता 'जेवणानंतर देते, तोवर पाणी पिता का, व्हरांड्यात चालता का?' असं दोन गोष्टींतलं निवडायला द्यायचं. याला पाच-सात मिनिटं लागतात. बांधायला चार माणसं लागतात आणि नंतरचा अर्धा तास लिहिण्यात जातो.

बार्शीचा_ब्रदर

व्यसनमुक्तीच्या कामात आहे. सिस्टरच्या मुद्द्याला एक कडा जोडतो, कारण नवीन मुलं 'बोलणं हाच उपचार' एवढंच घेऊन जातील.

दारू अचानक तुटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुठं आहे ते कळत नाही. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस जाऊ शकतो. तिथं समुपदेशन चालत नाही. नाडी, बीपी, ताप, डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणं औषध, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व). बोलणं असतंच, पण वेगळं: दिवा चालू ठेवायचा, दर वेळी आपलं नाव सांगायचं, 'हे हॉस्पिटल आहे, आज मंगळवार आहे, तुमची मंडळी बाहेर बसलीय' असं छोट्या वाक्यांत. आत येणारी माणसं सारखी बदलायची नाहीत. घरच्यांनाही सांगून ठेवायचं की हे वेड नाही, दारू तुटल्याचा झटका आहे आणि तो उतरतो, नाहीतर ते घाबरून पेशंट उचलून भलतीकडंच नेतात.

तो शुद्धीवर आला, जेवायला लागला, की मग खरं बोलणं. तिथं आपली सवय आडवी येते: 'लेकराबाळांचा विचार करा की.' त्यानं तो विचार हजारदा केलेला असतो. मिलर आणि रोलनिक यांची मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणून पद्धत आहे, मी त्यातलं एवढं घेतलं: सोडायची कारणं त्याच्या तोंडून आली पाहिजेत, माझ्या नाही. आधी विचारतो, 'दारूनं तुम्हाला मिळतं काय?' माणूस चमकतो. मग सांगतो, उभं राहून पाय भरून येतात, झोप लागते, पाहुण्यात बोलायला हिंमत येते. मग विचारायचं, 'आणि जातं काय?' तेव्हा बायकोचं, पोरीच्या लग्नाचं तो स्वतः काढतो. आपण फक्त त्याचंच वाक्य त्याला परत ऐकवायचं. परत घेतली तरी दार बंद करायचं नाही, कारण घसरणं या आजारात येतंच.

पूर्वभाग_भाऊ

मी नर्सिंगमधला नाही. माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. घरात तेलुगू, आई विड्या वळायची. भीत भीत लिहितोय.

सुरुवातीला आम्ही तिला देवस्थानाला नेलं, मांत्रिकाकडं नेलं. मग एका खाजगी ठिकाणी ठेवली. तिथं तिला रात्री खाटेला बांधायचे. आम्हाला सांगितलं नव्हतं. मनगटाचे वळ मी भेटीला गेलो तेव्हा बघितले. ती आजही दवाखाना म्हटलं की हात मागं लपवते. नंतर दुसरीकडं एक सिस्टर भेटली. तिनं पहिल्या दिवशी बहिणीला विचारलं, 'मी तुझ्या हाताचं बीपी बघू का?' विचारलं आणि थांबली. बहिणीनं मान हलवेपर्यंत पट्टा लावला नाही. एवढंच. त्यानंतर बहीण तिच्याशी बोलायला लागली.

आता माझा प्रश्न. डॉक्टर म्हणाले घरात तिच्यावर चिडू नका, नाहीतर आजार उलटतो. पण आमचं घर एका खोलीचं. आई म्हातारी, तिचं तोंड चालू असतं. मी काय करू?

रातपाळी_सिस्टर

भाऊ, भीत भीत लिहू नका. कुणालाही न सांगता बांधून वळ उठले असतील तर ते चूकच होतं, आणि आज असं कुठं दिसलं तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडं तक्रार करता येते. देवस्थानाला नेल्याचाही कमीपणा मानू नका. मी कुणालाच 'देवाला जाऊ नका' म्हणत नाही. देवाला जा, गोळी चुकवू नका आणि माणसाला कुठं बांधून ठेवू नका, एवढंच सांगते. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. 28 जण गेले.

घराबद्दल. डॉक्टर जे म्हणाले त्यामागं पक्का अभ्यास आहे. लंडनमध्ये ब्राऊन, वॉन आणि लेफ यांनी दाखवलं की घरात सतत टीका, राग किंवा अति काळजीची पकड असेल तर स्किझोफ्रेनिया उलटण्याचं प्रमाण वाढतं, आणि अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर काढले तर आणखी वाढतं. पण हे तास कमी करायचा सल्ला तिकडच्या घरांसाठी. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत कोण कुठं जाणार? म्हणून मी तास सोडते आणि बोलण्यावर काम करते.

आईला समोर बसवून एक गोष्ट समजावा: ती उशिरा उठते, अंघोळ टाळते, घुम्म बसते, हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे. घरच्यांचा सगळ्यात जास्त राग यावरच असतो. भास समजून घेतात, आळस समजून घेत नाहीत. मग आईला दुसरं वाक्य द्या. 'किती झोपशील, उठ' याऐवजी 'चहा ठेवलाय, आलीस की पिऊ.' एका वेळी एकच काम सांगायचं. सकाळी तासभर आईला देवळात नाहीतर शेजारी धाडा, म्हणजे दोघींनाही मोकळा वेळ मिळेल. आणि पुढच्या फॉलोअपला आईला बरोबर न्या. आपल्या देशात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकातच नातेवाईकांना आवारात तंबूत पेशंटबरोबर राहायला बोलावलं होतं. घरच्यांना शिकवणं हा उपचारच आहे, तुम्ही कुणावर उपकार मागत नाही.

रात्री-अपरात्री अडचण आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं.

पूर्वभाग_भाऊ

नंबर भिंतीवर लिहून ठेवला. सिस्टर, अजून एक. उन्हाळ्यात तिचे हात जास्त कापतात असं वाटतं. मूडसाठी म्हणून लिथियम पण चालू आहे. आई श्रावणात तिला सोमवार धरायला लावते.

रातपाळी_सिस्टर

बरं झालं विचारलंत. हे सोलापुरात प्रत्येक लिथियमच्या पेशंटला सांगायला पाहिजे. लिथियमची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. रक्तात साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात, त्याच्या वर गेलं की त्रास सुरू. एप्रिल-मेच्या उन्हात घाम जातो, पाणी आणि मीठ दोन्ही कमी होतं, आणि मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. उलट्या-जुलाब झाले तरी तेच. म्हणून पाणी भरपूर, रोजच्या जेवणातलं मीठ अचानक तोडायचं नाही, आणि बिनमिठाचा किंवा निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरायचा नाही. हेच रोज्यालाही लागू. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही, त्यानंही पातळी चढते.

हातांचं बारीक कापणं लिथियमवर असू शकतं. पण थरथर मोठी झाली, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, जुलाब किंवा उलट्या लागल्या, तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि लिथियमची रक्त तपासणी करायला सांगा. तुम्हाला आधीपेक्षा जास्त कापतंय असं वाटतंय, तर फॉलोअपची वाट न बघता याच आठवड्यात दाखवा. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं, म्हणजे रात्री गोळी घेतली की सकाळची गोळी न घेता जायचं. ती बरोबर न्या, रक्त दिल्यावर द्या.

शिकाऊ_पोरगी

ताई, त्या ताईंचं कळवते. तुमचं उत्तर वाचून लगेच वॉर्डात फोन केला, सिस्टर रात्रीच त्यांच्याशी बोलल्या. सकाळी मी गेले, स्टूल तिरकं ठेवून बसले आणि शपथ घेणार नाही ते सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मरायचे विचार येतात, पण पोरगा आठवीत आहे. मी त्यांना सांगून मॅडमना कळवलं. आता त्यांच्याजवळ सतत कुणीतरी असतं आणि डॉक्टरांनी औषध बदललं. नोट्स मी लिहिल्या. त्यांचे शब्द त्यांच्याच कन्नडमध्ये लिहिले, मला ती येते.

रातपाळी_सिस्टर

छान केलंस. आता हँडओव्हरला त्यांचे ते शब्द वाचून दाखव, नुसतं 'नोट्स बघा' म्हणू नकोस. आणि पोराचं नाव काय, शाळा कुठली, हे त्यांनाच विचार. पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला बोलणं तिथून सुरू करता येईल. तुझं पोस्टिंग संपणार असेल तर शेवटचा दिवस कोणता, ते त्यांना आत्ताच सांगून ठेव.